‘परवानगी नाही’ म्हणून घरच्या संगणकावर फाइल उघडत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या संगणकावरील फाइलींच्या परवानग्यांविषयी लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक घरांत विंडोज १० किंवा ११ असल्यामुळे उत्तरे त्यांना धरून आहेत; उबुंटू आणि मॅक यांच्याविषयी प्रश्न १५ पाहावा. पडद्यावरील इंग्रजी शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. आज्ञा टंकताना मात्र त्या इंग्रजी अक्षरांतच टंकाव्या लागतात.

१. ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश आला. माझी फाइल गेली का?

नाही. हा संदेश आला म्हणजे फाइल जागेवर आहे आणि संगणकाला ती दिसतेही आहे. ती तुमच्या खात्याला उघडून द्यावी की नाही, एवढ्यावरच तो अडला आहे. विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस नावाची मांडणी असते. या मांडणीत प्रत्येक फाइलीसोबत एक यादी ठेवलेली असते आणि कोणत्या खात्याने ती फाइल वाचावी, कोणी बदलावी, कोणी पुसावी हे त्या यादीत लिहिलेले असते. ही पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर कार्यालयांसाठी आली आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी पोहोचली. त्याआधीच्या विंडोज ९८ मध्ये अशी यादीच नसल्यामुळे जुन्या लोकांना हे नियम आजही उपरे वाटतात.

संदेश पाहून घाबरून डिस्क फॉरमॅट करू नये. परवानगीच्या अडचणीत माहिती सहसा शाबूत असते आणि ती जाते ती घाईने केलेल्या उपायांमुळे.

२. संगणक माझा, खातेही एकच आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटरचे. मग मलाच परवानगी कशी नाही?

ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते असले, तरी विंडोज तुम्हाला दिवसभर ते अधिकार वापरू देत नाही. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ च्या सुमारापासून, ‘युजर अकाउंट कंट्रोल’ ही व्यवस्था लागू आहे. तिच्यामुळे तुम्ही लॉगिन केल्यावर तुमचे सगळे कार्यक्रम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांनीच चालतात आणि मोठे अधिकार हवे असतील तेव्हा पडदा काळवंडून ‘यस’ किंवा ‘नो’ विचारणारी चौकट येते. म्हणून एखाद्या फोल्डरच्या यादीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ या गटाला पूर्ण परवानगी असूनही, तुमच्या स्वतःच्या खात्याचे नाव तेथे नसेल, तर तो फोल्डर दुहेरी क्लिकने उघडत नाही.

ही व्यवस्था बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. चुकून उतरवलेला एखादा घातक कार्यक्रम तुमच्या नकळत सगळ्या डिस्कवर हात फिरवू शकत नाही, तो याच चौकटीमुळे.

३. दुरुस्तीला हात घालण्याआधी अडचण खरोखर परवानगीचीच आहे, हे कसे ओळखावे?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरींचा परवानगीशी संबंधच नसतो, म्हणून हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. पुढील गोष्टी आधी पाहाव्यात.

संदेशात फाइल दुसऱ्या कार्यक्रमात उघडी असल्याचा उल्लेख असेल, तर तो कार्यक्रम बंद करणे एवढाच उपाय आहे. कोणता कार्यक्रम ते कळत नसेल, तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ‘सीपीयू’ या पानावरील ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाइलीचे नाव टाकावे, फाइल धरून बसलेल्या कार्यक्रमाचे नाव तेथे दिसते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर अडचण नाहीशी झाली, तर ती परवानगीची नव्हती असे समजावे.

संदेशात ‘राइट प्रोटेक्टेड’ असे शब्द असतील, तर अडचण वस्तूतच आहे. कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक सरकती खिट्टी असते आणि ती खाली सरकली की कार्डावर काहीच लिहिता येत नाही. अशी खिट्टी नसलेला पेनड्राइव्ह अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणू लागला, तर तो बहुधा शेवटच्या घटका मोजत असतो. अशा वेळी त्यातील फाइली ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, दुरुस्तीचे प्रयोग करत बसू नये.

उघडताना फार वेळ लागत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा संदेशात ‘करप्टेड’ हा शब्द असेल, तरी हेच लागू. आजारी डिस्कवर परवानग्या बदलायला गेल्यास तिच्यावर हजारो नव्या नोंदी लिहिल्या जातात आणि तो ताण तिला शेवटचा ठरू शकतो.

४. जुना संगणक बंद पडला. त्याची हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडली, पण फोटोंचा फोल्डर उघडत नाही. पासवर्डही तोच आणि खात्याचे नावही तेच ठेवले आहे. असे का?

कारण परवानग्यांच्या यादीत तुमचे नाव लिहिलेलेच नसते. विंडोज प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देते आणि यादीत तो क्रमांक टिपला जातो. तो ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो. त्यापुढे त्या संगणकापुरते ठरलेले तीन मोठे आकडे येतात आणि शेवटी खात्याचा १००१ यासारखा क्रमांक. नव्या संगणकावर तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला तरी हा क्रमांक वेगळाच तयार होतो, म्हणून जुन्या डिस्कच्या दृष्टीने तुम्ही परके ठरता.

काही महिन्यांपूर्वी एका नातेवाइकांनी त्यांच्या मुलीच्या बारशापासूनचे फोटो असलेली जुनी डिस्क माझ्याकडे आणली. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’चे पान उघडल्यावर यादीत नावाऐवजी एक करडे प्रश्नचिन्ह, ‘अकाउंट अननोन’ हे शब्द आणि कंसात तो लांब क्रमांक दिसत होता. ही खूण दिसली की निदान पक्के झाले असे समजावे: यादीत लिहिलेला माणूस या संगणकाला ओळखता येत नाही.

उपाय दोन आहेत आणि मी पहिल्याला प्राधान्य देतो. त्यात जुन्या डिस्कवर काहीही न बदलता फक्त नक्कल काढली जाते. स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून त्यावर उजवे क्लिक करावे, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे आणि ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा द्यावी. तिच्यानंतर आधी जुन्या फोल्डरची वाट (म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा पूर्ण पत्ता) आणि मग नव्या फोल्डरची वाट अवतरणचिन्हांत लिहावी आणि शेवटी तिरप्या रेघेसह ई, बी आणि एक्सजे हे तीन पर्याय जोडावेत. ई मुळे आतले सगळे फोल्डर येतात. बी मुळे ही आज्ञा बॅकअपच्या अधिकाराने फाइली वाचते, म्हणून परवानगीची यादी आड येत नाही. एक्सजे मुळे ती फसव्या आडवाटांत शिरत नाही. या आडवाटांविषयी प्रश्न १२ पाहावा. एवढ्यावर परवानग्यांची नक्कल होत नाही, फक्त फाइली येतात, आणि त्या नव्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप धारण करतात.

दुसरा उपाय मालकी घेण्याचा. हव्या त्याच फोल्डरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असे जावे. वरच्या बाजूला ‘ओनर’च्या ओळीत ‘चेंज’ असते. ते दाबून आपल्या खात्याचे नाव टंकावे आणि ‘चेक नेम्स’ दाबावे. नाव बरोबर असेल तर त्याखाली रेघ येते. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर ईमेलचा पत्ता टंकला तरी चालतो. परत आल्यावर ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ या चौकोनात खूण करून ‘ओके’ म्हणावे. मग सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा त्याच पानावर यावे आणि ‘एडिट’, ‘ॲड’ अशा वाटेने आपल्या खात्याला ‘फुल कंट्रोल’ द्यावे. हा दुसरा टप्पा बरेच जण विसरतात. त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

५. फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ असे बटण येते. ते दाबावे का?

फोल्डर तुमचा स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा असेल, तर दाबायला हरकत नाही. मात्र त्या एका क्लिकने केवळ दार उघडत नाही. विंडोज त्या फोल्डरच्या आणि आतल्या फाइलींच्या यादीत तुमच्या खात्याचे नाव कायमचे लिहून टाकते, आणि संदेशातही ‘परमनंटली’ हा शब्द असतो. फोल्डर मोठा असेल तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहते, कारण प्रत्येक फाइलीवर नोंद होत असते. ती मध्येच तोडू नये. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांवर हे बटण दाबू नये.

६. मालकी घेतली. ओनरच्या ओळीत माझे नाव दिसते. तरी फाइल उघडत नाही. का?

मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर नाव असले म्हणून वाड्याच्या कुलपाची किल्ली खिशात असतेच असे नाही. पण सातबाऱ्यावर नाव असले की नवी किल्ली करून घेण्यापासून कोणी अडवू शकत नाही. विंडोजमध्ये मालकाला यादी पाहण्याचा आणि बदलण्याचा हक्क नेहमी असतो, फाइल वाचण्याचा मात्र वेगळा द्यावा लागतो. म्हणून मालकी घेतल्यावर स्वतःला परवानगी देणे हा दुसरा टप्पा पूर्ण करावा.

तोही केला आणि वरचा फोल्डर उघडला, पण आतले काही फोल्डर उघडत नाहीत, असे झाले तर आतल्यांनी वरून येणारा वारसा, म्हणजे वरच्या फोल्डरकडून आपोआप मिळणाऱ्या परवानग्या, तोडलेला असतो. ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीच्या तळाशी ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ असे सुरू होणारे वाक्य असते. त्यावर खूण केल्यास वरच्या फोल्डरची यादी खालपर्यंत सारखी लागू होते. फोटो, कागदपत्रे, गाणी यांच्या फोल्डरांवर ही खूण निःशंकपणे वापरावी. सी ड्राइव्हच्या मुळाशी ती कधीच वापरू नये.

एवढे करूनही फाइल उघडली नाही, तर ती कुलूपबंद केलेली असू शकते. प्रश्न १४ पाहावा.

७. यादीत माझ्या नावापुढे ‘अलाऊ’च्या सगळ्या खुणा आहेत, तरी नकार मिळतो. हे कसे?

तुमचे खाते एकाच वेळी अनेक गटांत असते आणि त्यांपैकी एखाद्या गटाला ‘डिनाय’ लावलेले असेल, तर त्याच फोल्डरवर दिलेल्या ‘अलाऊ’वर ते मात करते. पालकांनी मुलांना अडवण्यासाठी ‘युजर्स’ या गटाला डिनाय लावला आणि स्वतःही अडकले, असे मी अनेकदा पाहिले आहे, कारण पालकांचे खातेही त्या गटाच्या कक्षेत येते. एखाद्याला अडवायचे असेल तर डिनाय न लावता त्याचे नाव यादीतून काढावे. यादीत ज्याचे नाव नाही, त्याला परवानगी नाहीच.

यात एक अपवाद आहे आणि तो जाणकारांनाही चकवतो. वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला डिनाय आणि फाइलीवर थेट दिलेला अलाऊ यांत थेट दिलेला अलाऊ जिंकतो. विंडोज आधी थेट डिनाय पाहते, मग थेट अलाऊ, त्यानंतर वारशाचा डिनाय आणि शेवटी वारशाचा अलाऊ. हे सगळे मनात जुळवत बसण्यापेक्षा ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ या पानावर खाते निवडून पाहावे. प्रत्यक्षात काय करता येते आणि काय नाही, याची गोळाबेरीज तेथे मिळते.

८. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिले की सगळी कटकट मिटेल, असे एकाने सांगितले. खरे का?

कटकट मिटते आणि संरक्षणही मिटते. त्या फोल्डरमध्ये मग पाहुण्याच्या खात्यापासून लपून चालणाऱ्या कार्यक्रमापर्यंत कोणीही फाइल बदलू किंवा पुसू शकतो, आणि तोच फोल्डर नेटवर्कवर वाटलेला असेल तर घरच्या वायफायवरील इतरांसाठीही अडसर कमी होतो. तुमच्या एकट्याच्या खात्याला परवानगी द्यायला तितकाच वेळ लागतो. घाईच्या क्षणी हा उपाय आधीच वापरला असेल, तर आज थोडा वेळ काढून ती ओळ यादीतून काढून टाकावी.

९. घरात दोघांची वेगळी खाती आहेत. वीजबिले आणि विम्याचे कागद असलेला एकच फोल्डर दोघांनाही हवा आहे. कसे करावे?

सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर आधीपासूनच असतो आणि तो त्या संगणकावरील सगळ्या खात्यांना खुला असतो. सामाईक कागद तेथे ठेवणे सर्वांत सोपे आहे. दोघांनाच द्यायचे आणि मुलांना नाही, असे असेल तर वेगळा फोल्डर करून त्याच्या यादीत दोन्ही खाती ‘मॉडिफाय’ परवानगीसह घालावीत. फुल कंट्रोलची गरज नसते.

एक बारकावा लक्षात ठेवावा. फाइलीची नक्कल केली की ती नव्या जागेच्या परवानग्या घेते, पण त्याच ड्राइव्हवर ती नुसती हलवली तर पुष्कळदा जुन्या जागेची यादी सोबत घेऊन जाते. पत्नीने फाइल सामाईक फोल्डरमध्ये ‘कट’ करून टाकली आणि पतीला ती उघडेना, याचे कारण हेच असते. अशा ठिकाणी ‘कॉपी’ करून मग मूळ फाइल पुसावी.

१०. प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’चे पानच दिसत नाही. माझे विंडोज अर्धवट आहे का?

नाही. तो ड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सफॅट या मांडणीत आहे आणि त्या मांडणीत परवानग्यांची यादी ठेवण्याची सोयच नसते. बहुतेक पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डे अशीच असतात. त्यांच्यावर नकार मिळाला तर कारण परवानगी नसून प्रश्न ३ मध्ये दिलेल्यांपैकी काहीतरी असते. एफएटी-३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, हेही आठवणीत असू द्यावे. लग्नाचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर जात नाही, ते यामुळे.

११. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील ‘रीड-ओन्ली’ची खूण काढली तरी पुन्हा येते. आणि माझ्याच ‘डॉक्युमेंट्स’मध्ये फाइल सेव्ह होत नाही. संबंध आहे का?

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. फोल्डरवरील ती खूण, चौकोनात बरोबरच्या चिन्हाऐवजी भरीव ठिपका असतो ती, फोल्डरला लागूच होत नाही. ती फक्त आतल्या फाइलींसाठी असते. तिच्या मागे लागू नये.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स किंवा डेस्कटॉपवर एखाद्याच कार्यक्रमातून सेव्ह होत नसेल आणि दुसऱ्या कार्यक्रमातून होत असेल, तर ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ पाहावा. खंडणीसाठी फाइली ओलीस ठेवणाऱ्या विषाणूंपासून बचाव म्हणून ही सोय २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आली. ती मुळात बंद असते, पण कोणीतरी ती चालू केली की अनोळखी कार्यक्रमांना या फोल्डरांत लिहिता येत नाही. त्रासदायक भाग असा की अडलेला कार्यक्रम कधी कधी ‘फाइल सापडत नाही’ असा दिशाभूल करणारा संदेश देतो. जुन्या स्कॅनरबरोबर आलेल्या एका कार्यक्रमामुळे माझी एक अख्खी दुपार अशीच गेली होती. परवानग्यांची यादी मी चार वेळा तपासली आणि ती चारही वेळा निर्दोष होती. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ पाहिल्यावर अडवणूक तेथे नोंदलेली सापडली. ही सोय बंद न करता ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधील ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ येथे जाऊन विश्वासातल्या तेवढ्या कार्यक्रमाला मुभा द्यावी.

इंटरनेटवरून उतरवलेली फाइल उघडताना अडते, ते आणखी वेगळे. तिच्या प्रॉपर्टीजच्या पहिल्या पानावर तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन असतो. फाइल खात्रीच्या ठिकाणची असेल तरच तेथे खूण करावी. झिप असेल तर ती सोडवण्याआधी खूण करावी, नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलीवर तोच शिक्का बसतो.

१२. सी ड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचा फोल्डर आहे. तो काही केल्या उघडत नाही. काय करावे?

काही करू नये. तो फोल्डर नसून जुन्या कार्यक्रमांसाठी ठेवलेली आडवाट आहे. एक्सपीच्या काळातील कार्यक्रम या नावाने फाइली शोधतात आणि विंडोज त्यांना गुपचूप ‘युजर्स’ फोल्डरकडे वळवते. माणसाने तिच्यातून आत जाऊ नये म्हणून त्यावर मुद्दाम ‘डिनाय’ लावलेला असतो. ‘ॲप्लिकेशन डेटा’ आणि ‘माय म्युझिक’ ही नावेही याच जातीची आहेत. तो डिनाय काढला, तर नक्कल करणारे कार्यक्रम त्याच त्या फोल्डरांत गोल गोल फिरत राहू शकतात.

‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील ‘विंडोजॲप्स’ यांचीही दारे मुद्दाम बंद ठेवलेली आहेत. विंडोजच्या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या व्यवस्थेकडे असते. हे नाव ओनरच्या ओळीत दिसले की हात मागे घ्यावा.

१३. मराठी नावांच्या फाइली पुसता किंवा हलवता येत नाहीत. मराठीला परवानगी नाही का?

मराठीला पूर्ण परवानगी आहे. अडचण लांबीची असते. विंडोजमधील अनेक कार्यक्रम ड्राइव्हपासून फाइलीच्या नावापर्यंतची सगळी वाट मिळून सुमारे २६० चिन्हांपर्यंतच झेपवतात आणि संगणक आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. ‘लग्नपत्रिका’ हा शब्द आपल्यासाठी पाच अक्षरांचा आहे, पण संगणक प्रत्येक व्यंजन, हलन्त आणि मात्रा वेगळी मोजतो, म्हणून त्याच्यासाठी तो अकरा चिन्हांचा होतो. फोल्डरात फोल्डर करत गेले की मर्यादा नकळत ओलांडली जाते. सर्वांत वरच्या फोल्डरांची नावे तात्पुरती ‘क’, ‘ख’ अशी आखूड करावीत. आतल्या फाइली लगेच हलतात.

हीच फाइल उबुंटूवर किंवा घरच्या नेटवर्क साठवणीवर पाठवताना गणित आणखी कडक होते. तेथे बहुधा नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते. याशिवाय ‘७/१२’ असे नाव विंडोजमध्ये देताच येत नाही, कारण तिरपी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही. ‘७-१२’ असे लिहावे.

१४. मालकी आणि परवानगी दोन्ही आहेत, पण फाइलीच्या चित्रावर कुलूप दिसते. आता काय?

ती फाइल सांकेतिक रूपात साठवलेली आहे आणि हे कुलूप परवानगीच्या यादीने उघडत नाही. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ईएफएस ही सोय असते. जुन्या विंडोजमध्ये अशा फाइलींची नावे हिरवी दिसत. ती उघडायला ज्या खात्याने कुलूप लावले त्याचे प्रमाणपत्र, म्हणजे त्या कुलपाची संगणकात साठवलेली किल्ली, लागते. जुना संगणक अजून चालत असेल, तर त्याच खात्यात जाऊन फाइली उघड्या करून घ्याव्यात किंवा प्रमाणपत्र बाहेर काढून जपावे. प्रमाणपत्र नसेल तर मालकी घेऊन काहीही साधत नाही.

अख्खा ड्राइव्हच कुलूपबंद असेल तर ते बिटलॉकर. त्याची ४८ अंकी किल्ली पुष्कळदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तेथे आधी पाहावे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळताच लागलेले असते, म्हणून संगणक चालू आहे तोवर ती किल्ली कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१५. एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू आहे. उबुंटूतून विंडोजचा ड्राइव्ह दिसतो, पण त्यात काही ठेवता येत नाही. मॅकवरही तसेच होते.

उबुंटूच्या बाबतीत कारण बहुधा विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ असते. त्यामुळे ‘शटडाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धे झोपते, आणि झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिणे धोक्याचे म्हणून उबुंटू तो फक्त वाचण्यापुरता उघडते. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे किंवा उबुंटूत येताना ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण रीस्टार्ट करताना विंडोज पूर्ण बंद होते. मॅक एनटीएफएस मांडणी वाचतो, पण मुळात तीत लिहीत नाही. दोन्हीकडे फिरवायचा पेनड्राइव्ह एक्सफॅट मांडणीत ठेवावा.

१६. चुकून अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेतली आणि परवानग्याही बदलल्या. आता कार्यक्रम उघडत नाहीत. मागे कसे जावे?

‘अनडू’ नाही, हे स्पष्ट सांगतो. विंडोजच्या हजारो फोल्डरांच्या याद्या वेगवेगळ्या असतात आणि एकदा त्या सपाट झाल्या की कोणाची कोणती होती हे कोठेही उरत नाही. ‘आयकॅक्ल्स’ ही आज्ञा ‘रिसेट’ या पर्यायासह चालवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. ती फोटोंच्या फोल्डरसाठी उत्तम आहे, कारण ती प्रत्येक फाइलीला वरचा वारसा देते. विंडोजच्या फोल्डरांना मात्र स्वतंत्र याद्या लागतात, म्हणून तेथे ती बिघाड वाढवते.

आधी आपल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. मग विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ येथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ असेल, तर ते चालवावे. त्यात फाइली आणि कार्यक्रम राहतात आणि विंडोज नव्याने बसते. ते नसेल किंवा साधले नाही, तर ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडावे. त्यात फाइली राहतात, पण कार्यक्रम पुन्हा बसवावे लागतात.

पुढच्या वेळी मोठ्या फोल्डरवर काम करण्याआधी त्याच आयकॅक्ल्स आज्ञेचा ‘सेव्ह’ हा पर्याय वापरून मूळ यादी एका फाइलीत जपून ठेवावी. नंतर ‘रिस्टोअर’ या पर्यायाने ती परत लावता येते.

१७. वडील गेले. त्यांच्या संगणकात घराची कागदपत्रे आणि फोटो आहेत, पण त्यांच्या खात्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. फाइली मिळतील का?

पुष्कळदा मिळतात. त्याच संगणकावर दुसरे ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते असेल आणि त्याचा पासवर्ड घरात कोणाला ठाऊक असेल, तर त्या खात्यातून सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये वडिलांच्या नावाचा फोल्डर शोधावा. तेथे प्रश्न ४ मधील रोबोकॉपीने बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढावी. वडिलांच्या पासवर्डची त्यासाठी गरज लागत नाही.

दुसरे खाते नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. जोडल्यावर ती बिटलॉकरची किल्ली मागू लागली, तर प्रश्न १४ प्रमाणे त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहावे. त्यांच्या फोनवर त्यांचे ईमेल चालू असेल, तर तो फोन फॉरमॅट करू नये आणि त्यातील सिमकार्डही घाईने बंद करू नये, कारण त्या खात्यात शिरण्याचे सांकेतिक क्रमांक तेथेच येतात.

पासवर्ड बदलून टाकण्याचा मोह टाळावा. ईएफएसने कुलूपबंद केलेल्या फाइली असतील, तर साध्या स्थानिक खात्याचा पासवर्ड दुसऱ्याने बदलताक्षणी त्यांच्यापर्यंतची वाट बंद होते. फाइलींच्या चित्रावर कोठे कुलूप नाही हे आधी पाहावे आणि नक्कल काढून झाल्यावर तिच्यातील चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. त्यानंतरच मूळ संगणकाला हात लावावा.